१०६६ मध्ये आपला विदर्भ कोणाच्या नावावर टाकू? महाराजा ठेवू का महासामंत?

नगरधनचा पोट्टा:
राजेहो, इथं गेमवालेही आहेत अन् इतिहासवालेही, म्हणून इथंच विचारतो. मी क्रुसेडर किंग्ज ३ या राजेरजवाड्यांच्या कॉम्प्युटर गेमसाठी एक लहानसा मॉड, म्हणजे गेममध्ये आपल्या मनासारखा बदल, बनवून राह्यलो, फक्त वऱ्हाड अन् झाडीपट्टी, सुरुवात १०६६ पासून. लॅपटॉप जुना हाय, त्यात गावात लाइनीचा भरवसा नाही, म्हणून ग्राफिक्सच्या भानगडीत पडत नाही, नुसत्या नावाच्या अन् टायटलच्या फायली नोटपॅडमध्ये बदलवतो.

अडचण अशी का गेममध्ये पायऱ्या पक्क्या आहेत, बॅरन, काउंट, ड्यूक, किंग, एम्परर, अन् आपल्याकडच्यांसाठी त्याच पायऱ्यांवर राजा, महाराजा, सम्राट अशी नावं चिकटवलेली. मले ते पटून नाही राह्यलं. आमच्याकडे उत्खनन झालं त्यात वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याच्या, राणीची, प्रभावतीगुप्तेची, मातीची मुद्रा निघाली, तेव्हापासून डोक्यात किडा हाय का हे लोक स्वतःले नेमकं काय म्हणवत होते. तर सांगा, १०६६ मध्ये इथं राज्य कोणाचं दाखवू, त्याच्या हाताखालच्यांले काय म्हणू, अन् चांद्याले, म्हणजे आताच्या चंद्रपूरले, गोंड राजा ठेवू का? माह्या मित्राचं म्हणणं हाय का गोंड राजा नसन तर तो मॉड डाउनलोडच करणार नाही 😄

पुसदकर:
पहिले तर देवगिरीचे यादव काढून टाक भाऊ. जो तो जुना महाराष्ट्र म्हटलं की देवगिरी घालते. यादवांचा भिल्लम पाचवा कर्नाटकातल्या कल्याणीच्या चालुक्यांपासून सुटा झाला तो ११८७ च्या आसपास, देवगिरी राजधानी त्याच्या वेळेसची. १०६६ मध्ये यादव तिकडं सिन्नर-खानदेशच्या बाजूनं अन् तेही चालुक्यांचे मांडलिक.

मालक म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर पहिला. त्यानं १०६८ मध्ये तुंगभद्रेत जलसमाधी घेतली, म्हणजे तुह्या गेमात म्हातारा राजा अन् खाली दोन पोरं, सोमेश्वर दुसरा अन् विक्रमादित्य. धाकट्यानं १०७६ मध्ये मोठ्याले हटवून गादी घेतली. यासाठी वेगळा इव्हेंट लिहायची गरजच नाही, गेम आपल्या आपण भांडण लावून देते 😂

अन् एक माणूस नक्की घाल, जगद्देव परमार. माळव्याच्या उदयादित्याचा पोरगा, घर सोडून विक्रमादित्याच्या चाकरीले आला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगावले त्याच्या काळातला शिलालेख हाय, १११२ चा. गेममध्ये ते नवं लँडलेस ॲडव्हेंचरर, म्हणजे बिनजमिनीचा भटका वीर, आलं ना, त्याच्यासाठी याच्याहून फिट माणूस भेटणार नाही.

वाशीमचे मास्तर:
टायटलचं उत्तर जरा लांब आहे, धीर धरा.

वाकाटकांपासूनच सुरू करू. त्यांच्यात सम्राट ही पदवी एकट्या पहिल्या प्रवरसेनानं घेतली, त्यानं चार अश्वमेध केले होते. त्याच्यानंतरचे सगळे वाकाटक, नंदिवर्धनचे असोत की आमच्या वत्सगुल्मचे, म्हणजे वाशीमचे, ताम्रपटात नुसतं महाराज लिहितात, अन् होते मात्र पूर्ण स्वतंत्र. त्याच वेळेस उत्तरेत गुप्त स्वतःला महाराजाधिराज म्हणवतात आणि त्यांच्या हाताखाली जे मांडलिक आहेत तेही महाराज. आता एकच पदवी इकडे स्वतंत्र राजाची अन् तिकडे मांडलिकाची, तर तुमचा गेम महाराजाला कोणत्या पायरीवर बसवणार?

चालुक्यांपर्यंत येता येता तर पदव्यांची गाडी भरून वाहायला लागली. वरच्याचं समस्तभुवनाश्रय, श्रीपृथ्वीवल्लभ, महाराजाधिराज, परमेश्वर, परमभट्टारक, आणि खाली महामंडलेश्वर, महासामंत. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर जसे कार्यसम्राट दिसतात ना, तसंच वाचायचं ते, सगळंच खोटं नाही पण मोजून मापूनही नाही. मोठ्या मांडलिकाच्या नावाआधी समधिगतपंचमहाशब्द असं येतं, म्हणजे पाच मंगलवाद्यं वाजवून घ्यायचा मान याला मिळालेला आहे. त्या काळात हा मान फार मोठा, जमिनीच्या तुकड्याइतकाच. गेममध्ये त्याला जागाच नाही, हे मला जास्त खटकतं.

आपल्याकडचा पुरावा पाहिजे तर नागपूरचा सीताबर्डीचा लेख घ्या, शके १००८, म्हणजे इ.स. १०८७, तुमच्या सुरुवातीनंतर वीसेक वर्षांनी. राज्य विक्रमादित्याचं, त्याचा महासामंत राष्ट्रकूट घराण्यातला धाडिभंडक, मूळ लट्टलूरकडून, म्हणजे लातूरकडून, आलेला, आणि लेखात दान कशाचं, तर गाईंच्या चराईच्या जमिनीचं. तेव्हा नागपूरच्या भागात काउंटच्या जागी डोळे मिटून महासामंत लिहा, ड्यूकच्या जागी महामंडलेश्वर. वर महाराजाधिराज. गावपातळीला पट्टकिल चालेल, माळव्याच्या परमारांच्या ताम्रपटात तो येतो, आपला पाटील तिथूनच आला.

हो, आणि पदवीवरून क्लेम, म्हणजे गेममधला एखाद्या मुलखावरचा हक्क, देऊ नका. यादव स्वतःला द्वारावतीपुरवराधीश्वर, म्हणजे द्वारकेचे स्वामी, म्हणवतात, सौंदत्तीचे रट्ट लट्टलूरपुरवराधीश्वर. मूळ गाव सांगायची पद्धत ती. क्लेम दिला तर सिन्नरचे यादव द्वारकेवर स्वारी काढतील.

गावरान गेमर:
मास्तर, सगळं खरं पण समस्तभुवनाश्रय लिहिलं तर माणसाचं नाव स्क्रीनच्या बाहेर जाईन. 😅 खेळायचं तं हाय ना शेवटी.

दुसरं म्हणजे गेमचा नियम असा का व्हसल, म्हणजे मांडलिक, हा मालकापेक्षा खालच्याच पायरीचा पायजे, ड्यूकच्या खाली ड्यूक बसत नाही. मंग एखादा महामंडलेश्वर वाढत वाढत मालकाच्या बरोबरीचा झाला अन् तरी मांडलिकच राह्यला, असं इकडं नेहमीच होत असन, ते दाखवायचं कसं? मी तं म्हणतो पायरी राहू दे, पदवी टोपणनावासारखी दे. दरबारातून मान भेटला का टोपणनाव बदलते, जमीन तेवढीच राह्यते. एका इव्हेंटमध्ये काम होते, मी माह्या मॉडमध्ये राजपुतांसाठी तसंच केलं, मस्त चालते.

नगरधनचा पोट्टा:
हे टोपणनाववालं भारी हाय, घेतो. पंचमहाशब्दाचा पण तसाच करतो, वर थोडी प्रेस्टिज, म्हणजे गेममधले मानाचे गुण. पण चांद्याचं कोणीच नाही बोललं बा.

वैरागडकडचा:
मी बोलतो, आमचाच भाग हाय. चांद्याचं गोंड राज्य १०६६ मध्ये दाखवू नको. त्याईच्या वंशावळी मागं मागं जातात पण त्या लिहिल्या गेल्या लय नंतर. बल्लारपूर, चांद्याचा परकोट, हे सारं पुढच्या शतकांतलं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद तं अजून पुढं, त्यानं नागपूर वसवलं ते १७०२ मध्ये. तुह्या मित्राले सांग, गोंड राजा खेळायचा असन तं युरोपा युनिव्हर्सालिस ४ घे, तो सुरूच १४४४ ले होते.

पण म्हणून पूर्वेकडं कोरं जंगल पण नको दाखवू, हे मले प्रत्येक मॅपवर खटकते, वैनगंगा ओलांडली का नुसता हिरवा रंग. छत्तीसगडातल्या रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाचा १११४ चा लेख हाय, त्यात त्याले वर्षाले खंडणी देणाऱ्या ठिकाणांची यादी हाय, त्यात वैरागर, लांजिका, भाणार. म्हणजे आमचं वैरागड, बालाघाटकडचं लांजी अन् भंडारा. म्हणजे इथं कोणी ना कोणी होतं अन् ते चालुक्याकडं नाही तं छत्तीसगडकडं पाहून होतं. गोंडांच्या आधी वैरागड-माणिकगडले माना सरदार होते असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. तेव्हा तीन स्वतंत्र सरदार ठेव, व्हसल नाही, ट्रिब्युटरी, म्हणजे नुसते खंडणी देणारे.

अचलपूर फाटा:
उशिरा आलो, सोयाबीन काढणं चालू होतं. मॉड पुढं वाढवशीन तर अचलपूर विसरू नको रे भाऊ. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर गेला तो एलिचपुरावरूनच, म्हणजे अचलपुरावरूनच, अन् तहात यादव राजा रामचंद्रानं याच मुलखाचं उत्पन्न लिहून दिलं. पुढं तोच रामचंद्र दिल्लीले गेला तर सुलतानानं त्याले रायरायान केलं. घरी प्रौढप्रताप चक्रवर्ती, दिल्लीत रायरायान, अन् मुलूख बहुतेक तोच. गावरान गेमरचं टोपणनाव इथं बरोबर बसते.

मंग बहामनी आले, वऱ्हाड एक तरफ, म्हणजे प्रांत, झाला, वर तरफदार. त्यातल्याच फतहुल्ला इमादुल्मुल्कनं १४९० मध्ये सवतं राज्य केलं, म्हणजे घराण्याचं नावच पदवीवरून, इमादशाही. १५७४ मध्ये निजामशाहीनं ते गिळलं. अन् पार शेवटी रघुजी भोसले. निम्मा मध्य हिंदुस्थान धरून बंगालपर्यंत घोडे नेले, पण पदवी शाहूनं दिलेली तीच, सेनासाहेब सुभा. त्याले किंग करतो का ड्यूक, पाह्य तू.