रोलरचा चिखल का होतो

'रोलरने तैलरंगाचे चार थर दिले तरी अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्रांसारखी खोली येत नाही, नुसता चिखल होतो' या प्रश्नाबद्दल. बहुतेक वेळा दोष टायटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचा असतो. तो प्रत्येक थरात मिसळला की रंग अपारदर्शक होतो आणि खालचं सगळं झाकलं जातं. पांढरा फक्त तळाला ठेवा; वर बर्न्ट सिएना, व्हिरिडियन, अल्ट्रामरीन असे पारदर्शक रंग, अगदी पातळ. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, पुढे दर थराला जवसाचं तेल किंचित वाढवायचं. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

कागदाने रंग उचलायचा असेल तर कोरा न्यूजप्रिंट फाडून ओल्या थरावर ठेवा, कोरडा रोलर हलकेच फिरवा, सरळ वर उचला. छापील कागदाची शाई कॅनव्हासवर उतरते. रंग फार ओला असेल तर कडा फिसकटतात.

मुंबईच्या पावसाळ्यात दोन थरांमध्ये वाळायला आठवडाभरही पुरत नाही. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, मागून बुरशी धरते.

आणि झेनबद्दल, म्हणजे गायतोंडेंना जवळच्या वाटणाऱ्या बौद्ध ध्यानपरंपरेबद्दल: गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत, बराचसा वेळ नुसतं बघण्यात जाई. तेव्हा झेन चित्रांसारखी वर्तुळं, बांबू काढण्यापेक्षा थर वाळेपर्यंत रोज त्याच्यासमोर बसा. पुढचा रंग कुठे नको, ते तिथेच कळतं.