पाप फक्त बनवणाऱ्याच्याच खात्यात का?

कोणत्या देशाचा व्यापार किती शाश्वत, म्हणजे निसर्ग आणि माणसं दोन्ही सांभाळून चालणारा, याची रँकिंग लावतात. त्यावरच्या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की ब्रिटनचं कार्बन उत्सर्जन १९९० च्या जवळपास निम्म्यावर आलं, म्हणजे त्यांचा व्यापार शाश्वत झाला. आकडा खरा आहे, पण तो देशाच्या हद्दीत निघालेल्या धुराचा आहे. बाहेर बनून आलेलं स्टील, कपडे, मोबाईल यांचा धूर बनवणाऱ्या देशाच्या नावावर चढतो. वापराच्या हिशोबाने मोजलं तर ब्रिटनची घट बरीच कमी दिसते. आणि एका देशातून दुसऱ्या देशात माल वाहणाऱ्या जहाजांचा धूर तर कुठल्याच देशाच्या एकूण बेरजेत धरत नाहीत, तो वेगळा नोंदवतात, जगाच्या उत्सर्जनाच्या साधारण २ ते ३ टक्के आहे तो!

या चर्चेत सगळे कार्बनवरच बोलताहेत, माणसांचं कोणी मोजतंय का? बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, पण वरच्या शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं कारण परदेशी ब्रँडच्या ऑर्डरी वेळेत जायला हव्या होत्या. आता अशा देशवार इंडेक्समध्ये, म्हणजे देशांना मार्क देणाऱ्या या रँकिंगमध्ये, कामगार सुरक्षेचे मार्क कापले जाणार ते बांगलादेशचे, ज्या देशांत ते शर्ट विकले गेले त्यांच्या स्कोअरला धक्का नाही. माझ्या मते आयातीमागचे अपघात आणि मजुरी आयात करणाऱ्याच्या खात्यातही धरल्याशिवाय ही रँकिंग अर्धवटच आहेत.