इंग्रजी शिकवायला फुकटची ऑनलाईन साधनं: खेळतात सगळे, बोलत कोणीच नाही

अर्धविराम
मंडळी, जरा मदत करा. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी मी ऑनलाईन इंग्रजीचा क्लास घेते, फी वगैरे काही नाही, हौस म्हणून. अकरा जण आहेत, सगळे मोठे, नोकरी नाहीतर घर सांभाळून येणारे. वाचता बऱ्यापैकी येतं पण बोलायचं म्हटलं की त त प प. सुरुवातीला नुसतं स्क्रीन शेअर करून व्याकरण शिकवायचे, तेव्हा निम्मे जण कॅमेरा बंद करून काय करत असतील देव जाणे. मग खेळ बनवायच्या साईट शोधल्या, कहूट आणलं, वर्डवॉल आणलं, क्विझलेट आणलं, असं करत करत सात-आठ साईट झाल्या आणि क्लासमध्ये एकदम जान आली, लोकं वेळेआधी जॉईन व्हायला लागली.

पण खेळात पैकीच्या पैकी आणि तोंड उघडलं की परत तेच. गेल्या आठवड्यात भूतकाळाच्या जोड्या लावायला दिल्या, गो-वेन्ट, बाय-बॉट, टीच-टॉट अशा बारा. दीड मिनिटात सगळ्यांच्या लागल्या. त्यानंतर पाचच मिनिटांनी एकीला सहज विचारलं की काल काय केलं, तर म्हणे "येस्टर्डे आय गो टू माय सिस्टर". मी गारच. आत्ता तर हिनेच वेन्टची जोडी लावली होती की!

वर ह्या फुकटवाल्या साईट मधेच हात आखडता घेतात. मोजकेच खेळ बनवू देतात, किंवा काल चालू असलेली सोय आज पैसेवाल्यांसाठी होते. शिवाय प्रत्येक ठिकाणी वेगळं लॉगिन, दर वेळी कोणीतरी पासवर्ड विसरतं आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात. ह्यातलं काय ठेवू आणि काय टाकू? आणि मुळात मी वापरायला चुकतेय का?

पाटीपेन्सिल
साईट चुकीची नाहीये, काम चुकीचं दिलंय. जोडी लावताना वेन्ट समोर दिसत असतो, तो फक्त ओळखायचा असतो. बोलताना समोर काहीच नसतं, डोक्यातून काढावा लागतो आणि तोही वाक्य चालू असताना. ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं हजारदा केलं तरी दुसरं आपसूक येत नाही. त्यात बारातल्या शेवटच्या दोन-तीन जोड्या तर उरलंसुरलं म्हणून लागतात, तिथे इंग्रजी लागतच नाही.

मी कुठलाही खेळ घेण्याआधी स्वतःला एकच विचारतो: इंग्रजी न येणारा माणूस नुसत्या अंदाजाने हे सोडवेल का? "शी डॅश टू ऑफिस एव्हरी डे" ला गोज, बनाना आणि हॅपी असे पर्याय दिले तर काय फायदा. तिथे गो, गोज, गोइंग, इज गो हे पाहिजेत, म्हणजे आपली माणसं जे खरोखर बोलतात ते. मी तर वर्गातल्या चुका एका वहीत टिपून ठेवतो आणि चुकीचे पर्याय तिथूनच उचलतो. सध्या बरेच जण एआयकडून प्रश्न बनवून घेतात, मीही घेतो, पण त्यात कधी दोन उत्तरं बरोबर निघतात तर कधी चुकीचे पर्याय इतके येडपट असतात की कोणी फसतच नाही, तेव्हा एकदा डोळ्याखालून घालाच.

साधन विचारलंत तर एचफाइव्हपी (H5P), असे खेळ बनवायचं साधन. मुक्त आणि मोफत आहे, मूडलवर ऑनलाईन वर्ग किंवा वर्डप्रेसवर वेबसाईट असेल तर त्यात बसतं, आणि तसलं काही नसेल तर लुमी नावाचं फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकून त्यात बनवा, सगळा खेळ ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका एचटीएमएल फाईलमध्ये सेव्ह होतो. त्यातला रिकाम्या जागा भरा हा प्रकार मला फार आवडतो. वाक्य सरळ टाईप करायचं, जो शब्द गाळायचाय त्याच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) टाकायची, दोन उत्तरं चालणार असतील तर मधे तिरकी रेघ, आणि शेवटी विसर्गासारखे दोन टिंब देऊन हिंट. संपलं. शिकणाऱ्याला शब्द टाईपच करावा लागतो, त्यामुळे ओळखून भागत नाही. तुमच्या बारा जोड्या तशाच ठेवा, फक्त वेन्ट दिसू देऊ नका, तिथे रिकामी जागा आणि आजूबाजूला अख्खं वाक्य.

उगाचच
वरच्या पोस्टशी सहमत पण एक पुरवणी. खेळ बंद नका करू हो! मोठी माणसं चुकायला जाम घाबरतात, खेळात चुकलं तर हसून पुढे जातात, आणि हीच बाई तुमच्या पहिल्या महिन्यात "आय गो" तरी म्हणाली असती का?

फक्त कहूटचा टायमर वाढवा. तिथे लवकर उत्तर दिलं की जास्त मार्क, म्हणजे जो भराभर वाचतो तोच कायम वर आणि हळू वाचणारे दोन आठवड्यांत नाद सोडतात. माझ्याकडे एक काका कायम शेवटून पहिले यायचे, टायमर ढिला केला तर तिसरे आले, इंग्रजी तेवढंच होतं!

कानात_बोळे
सगळं लिखाणावरच चाललंय, उच्चारांचं कोणी बोलतच नाही म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

आपल्या लोकांचं घोडं ठरावीक जागी अडतं. व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला आपल्याकडे एकच व, त्यामुळे पश्चिमेचा वेस्ट आणि बनियनवाला व्हेस्ट कानाला सारखेच. शिप आणि शीप तसंच, ऱ्हस्व-दीर्घाने आपण लिहिताना जीव खातो पण बोलताना त्याच्याकडे फारसं बघत नाही. ज ची गंमत उलटी आहे, जहाजातला ज आणि जेवणातला ज हे दोन्ही आवाज आपल्याला येतात पण अक्षर एकच, त्यामुळे "झेड आला की जहाजातला ज काढा" एवढं सांगितलं की माणूस पटकन सुधारतो.

ह्यासाठी मी तीन गोष्टी वापरते, तिन्ही फुकट. यूग्लिश, शब्द टाकला की युट्यूबवरच्या खऱ्या व्हिडिओत तो शब्द जिथे बोललाय तिथूनच सुरू होतं, ब्रिटिश हवा का अमेरिकन तेही निवडता येतं. दुसरं व्होकारू, लाल बटण दाबा, बोला, लिंक पाठवा, खातं काढायची भानगडच नाही. ते कायमचं साठवायला मात्र नाही, जपून ठेवायचं असेल तर डाऊनलोड करून घ्या. तिसरं म्हणजे फोनच्या किंवा गूगल डॉक्सच्या व्हॉईस टायपिंगमध्ये बोलायचं आणि काय उमटतं ते बघायचं.

ह्या तिसऱ्यात एक मेख आहे जी मला फार उशिरा कळली. अख्खं वाक्य बोललं की ते मशीन संदर्भावरून अंदाज बांधतं आणि तुमचा उच्चार चुकला तरी बरोबर शब्द टाईप करतं! माझा एक विद्यार्थी महिनाभर खूश होता की सगळं बरोबर येतंय. मग मी त्याला नुसतं शिप, शीप, शिप, शीप असं सुटं बोलायला लावलं तर चारही वेळा एकच शब्द उमटला. तेव्हा सुटे शब्द द्या, वाक्य नको. आणि भाषा निवडताना कुठली इंग्रजी लावलीये ते बघा, त्याने पण फरक पडतो.

फ्लॅशवाला
माझा अनुभव जरा रडका आहे. मी खूप वर्षं एका साईटवरचे ॲनिमेशनवाले इंग्रजीचे खेळ वापरायचो, जवळजवळ दीडशे लिंका जमवल्या होत्या, वहीत धड्यानुसार लावून. ते खेळ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे, २०२० च्या ३१ डिसेंबरला त्याचा सपोर्ट संपला आणि जानेवारीत उघडलं तर सगळीकडे राखाडी चौकोन. चूक कोणाची नव्हती, वर्षानुवर्षं आधी सांगितलेलं होतं, माझंच लक्ष नव्हतं.

तेव्हापासून प्रश्न, वाक्यं, चुकीचे पर्याय सगळं एका साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतो. साईट गेली, पैसे मागायला लागली, तर दुसऱ्या साईटवर चिकटवायचं. मेहनत शीटमध्ये असते हो, साईट नुसती भांडं. हॉट पोटॅटोज हे कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात बनलेलं जुनं सॉफ्टवेअर २००९ पासून पूर्ण फुकट आहे, दिसायला बाबा आदमच्या काळातलं, पण त्यात जेमिक्स म्हणून जे आहे ना, उलटसुलट शब्दांचं वाक्य लावायचं, त्याने शब्दक्रमाची सवय फार छान होते. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मधे, हे सांगून नाही कळत, हाताने उचलून ठेवल्यावर कळतं.

आणि पासवर्डचं म्हणाल तर शिकणाऱ्याला लॉगिनच नको असं साधन घ्या. लर्निंगॲप्स बघा, खातं फक्त बनवणाऱ्याला, बाकीच्यांना लिंक पुरते.

अर्धविराम
बाप रे, केवढं लिहिलंत! लगेच सगळं नाही जमलं पण दोन आठवडे करून बघितलं म्हणून सांगायला आले.

आठ साईटच्या तीन केल्या. लॉगिनचा घोळ थांबला तिथेच निम्मा क्लास परत मिळाला. जोड्यांच्या जागी गाळलेल्या जागा दिल्या, टाईप करायच्या, तर पहिल्या दिवशी बारापैकी पाच-सहाच्या वर कोणी गेलं नाही आणि मला चक्क वाईट वाटलं, एकाने तर मेसेज केला की मॅडम आधीचाच खेळ बरा होता. मग तीच वाक्यं दर क्लासला थोडी थोडी फिरवून परत दिली. आता येतात. आणि खेळ झाला की प्रत्येकाने त्यातलं एक वाक्य स्वतःचं करून व्होकारूवर बोलून पाठवायचं असं ठरवलंय.

ती "आय गो टू माय सिस्टर"वाली, तिने परवा रेकॉर्डिंग पाठवलं, "आय गो... नो नो... आय वेन्ट टू माय सिस्टर्स हाऊस". मधला तो नो नो मी चारदा ऐकला.

आता पुढचा प्रश्न. ही वाक्यं किती दिवसांनी परत द्यायची? मी आपली अंदाजाने देतेय.

पाटीपेन्सिल
तो नो नो म्हणजे काम झालं, आता घाई करू नका.

दिवस मोजायला अँकी वापरा, प्रश्नोत्तरांची कार्डं परत परत दाखवणारं ॲप. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनच्या ॲपला मात्र पैसे पडतात, त्यांना ब्राउझरमधून चालवता येतं. जे आठवलं ते लांबवर ढकलतं, जे अडलं ते लवकर परत आणतं, प्रत्येकाचं गणित वेगळं. कार्डावर सुटा शब्द ठेवू नका, वाक्यच ठेवा, आणि ती कार्डं तुम्ही बनवू नका, ज्याची चूक त्यानेच बनवायची. अकरा जणांना एकदम नको पण, आधी दोघांवर करून बघा.

उगाचच
आणि त्या दोघांत "आधीचा खेळ बरा होता"वाल्याला घ्या 😄

अर्धविराम
त्यालाच घेतलंय. काल रात्री साडेअकराला पहिलं कार्ड पाठवलं त्याने. आर्टिकल गाळलंय, पण क्रियापद बरोबर आहे.