कार्पेंटर्सची एलपी: गाणी एकमेकांत का मिसळतात?

रविवारची_सुई: कार्पेंटर्स या अमेरिकन भाऊ-बहिणीच्या जोडीची 'द सिंगल्स १९६९–१९७३' जुन्या बाजारातून उचलली. पहिल्या बाजूला 'सुपरस्टार' संपायच्या आतच 'रेनी डेज अँड मंडेज' सुरू होतं, आणि त्यातूनच 'गुडबाय टू लव्ह'. मधे श्वास घ्यायला जागाच नाही. तबकडीत खोट आहे का?

मंद्रसप्तक: खोट कसली! जोडीतल्या भावाने, रिचर्डने, मुद्दाम जोडलीयत ती. 'वी'व्ह ओन्ली जस्ट बिगन'च्या आधीही 'क्लोज टू यू'चा तुकडा वाजतो बघा. नुसती जुनी गाणी गोळा करून विकायची नव्हती त्याला. 'टिकेट टू राइड' नव्याने रेकॉर्ड केलं, 'टॉप ऑफ द वर्ल्ड'ही १९७२च्या अल्बममधलं जसंच्या तसं नाही, बहीण कॅरन ते पुन्हा गायलीय.

खरखर: मला ही जोडाजोडी पटत नाही. 'गुडबाय टू लव्ह'मध्ये गिटारवादक टोनी पेलुसोची ती करकरीत गिटार येते ना, त्याआधी जरा शांतता हवी होती. तरी १९७४मध्ये ब्रिटनमध्ये हाच अल्बम १७ आठवडे पहिल्या नंबरावर होता, म्हणजे माझं कोण ऐकतंय!

रविवारची_सुई: हुश्श. मी तबकडी परत द्यायला निघालो होतो. आता सुई तेवढी बदलतो.