मदत हवी आहे: 'गेट' हे क्रियापद लेकरांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी, मी सेलूला (जि. परभणी) आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या लेकरांची इंग्रजीची शिकवणी घेते. सगळ्यांनी 'गेट म्हणजे मिळणे' एवढं पाठ केलंय, त्यामुळं 'इट इज गेटिंग डार्क' आलं की वहीत 'अंधार मिळत आहे' लिहायलेत.

अर्थांची यादी काही मी देणार नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत एकट्या 'रन'चे ६४५ अर्थ आहेत म्हणे, असं पाठ करायला लावलं तर लेकरं इंग्रजीचं नावच टाकतील. म्हणून मी गेटच्या पुढं काय आलंय ते बघायला लावते. वस्तू आली तर मिळणं नाहीतर आणणं, टायर्ड-अँग्री असलं विशेषण आलं तर होणं, 'टू' आणि गावाचं नाव आलं तर पोचणं. इथवर बरं जमायलंय.

मग आलं 'आय गॉट माय सायकल रिपेअर्ड'. सगळे म्हणाले सायकल मिळाली. तेव्हा मी त्याच्या शेजारी 'आय रिपेअर्ड माय सायकल' लिहिलं आन् विचारलं, चेन बसवताना हात कुणाचे काळे झाले? पहिल्यात दुकानवाल्याचे, दुसऱ्यात माझे. लगेच एक पोरगी बोलली, म्हणजे दुरुस्त करून घेतली! इतकं बरं वाटलं.

पण गेट अप (उठणं), गेट ओव्हर (सावरणं), गेट अलाँग (एकमेकांशी पटणं), गेट अवे विथ (चूक करूनही शिक्षेविना सुटणं), इथं पुढचा शब्द बघूनही काही कळत नाही. हे एकेक पाठच करून घ्यायचं का दुसरी काही रीत आहे? आणि 'गेट ऑन द बस' पण 'गेट इन द कार' असं का, याचं लेकरांना पटेल असं उत्तर कुणी सांगा ना. पुढच्या आठवड्यात हाच भाग घ्यायचाय.

प्रतिसाद:
ताई, बस-कारचं सोपं आहे. ज्यात उभं राहून चालता येतं तिथं ऑन, म्हणजे बस, रेल्वे, विमान. जिथं वाकून आत बसावं लागतं तिथं इन, म्हणजे कार, रिक्षा. सायकल, मोटारसायकल, घोडा यांच्यावर टांग टाकून बसतो म्हणून तिथं पण ऑनच. उतरताना तसंच, बसमधून गेट ऑफ आन् कारमधून गेट आऊट ऑफ. राहिलं गेट ओव्हर, तर ते सुटं देऊच नका, 'ही गॉट ओव्हर द फिव्हर' म्हणजे तापातून उठला, असं अख्खं वाक्यच द्या आणि त्याच साच्यात ताप काढून सर्दी, भीती, दुःख घालून लेकरांकडून वाक्यं बनवून घ्या. माझ्या वर्गात असंच टिकलंय. गेट अवे विथ नववीनंतर घेतलं तरी चालतंय.