धम्माचे धडे टपालाने: आत शिकलेल्यांचे आणि बाहेरून शिकवणाऱ्यांचे अनुभव

चेंबूरमधला आमचा गट छोटासा आहे. बुद्धांचं चरित्र, पंचशील, अष्टांगिक मार्ग असे विषय घेऊन आम्ही सोप्या मराठीत धडे लिहितो आणि तुरुंगातल्या बंदींना टपालाने पाठवतो. धड्याच्या शेवटी प्रश्न असतात. उत्तरं आली की आमच्यापैकी कुणीतरी ती वाचून हाताने पत्र लिहितं.

तुरुंग आणि बौद्ध धम्म म्हटलं की लोकांना विपश्यना ही ध्यानाची पद्धत आठवते, आणि ते बरोबरच आहे. 1975 साली जयपूरच्या तुरुंगात विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजींनी शिबिर घेतलं, 1994 साली तिहारमध्ये एका वेळी हजारावर बंदी बसले. पण शिबिराला जागा लागते, आचार्य लागतात, दहा दिवस सगळा कारभार जुळवून आणावा लागतो. धडा मात्र गजबजलेल्या बॅरकमध्येही एकट्याला वाचता येतो. माझं ठाम मत आहे की या अभ्यासात पुस्तकाइतकंच महत्त्व उत्तर वाचणाऱ्या माणसाला आहे. तुमचं काय झालं ते लिहा. नाव, केस, कलम काही नको. आलेली पत्रं खाली देतो.

वरळीहून, सुटून आलेला

मी बीडीडी चाळीतला. त्रिसरण-पंचशील तोंडपाठ, 6 डिसेंबरला चैत्यभूमीची रांग दरवर्षी. वाचलेलं मात्र काहीच नव्हतं. कच्चा कैदी म्हणून आत गेलो. बॅरकमध्ये माणसं इतकी, की रात्री कुस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागायचं. पाकीट हातात यायचं ते उघडलेलंच, वर तपासल्याचा शिक्का. सकाळची गिनती झाली की भिंतीला टेकून वाचायचो, गुडघ्यावर वही.

एका धड्यात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा होता. मला म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट माहीत होती. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ती मानलेली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर ही दृश्यं पाहिलीच नसतील का, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी सांगितलंय ते असं: शाक्यांचा, म्हणजे सिद्धार्थाच्या कुळाचा, संघ शेजारच्या कोलियांशी युद्ध करायचा ठराव आणतो, सिद्धार्थ विरोध करतो, बहुमत त्याच्याविरुद्ध जातं. मग सेनापती त्याला सुनावतो: सैन्यात ये, नाहीतर फाशी किंवा देशत्याग, नाहीतर तुझ्या घरच्यांवर बहिष्कार आणि मालमत्ता जप्त.

मी वाचता वाचता सरळ बसलो. म्हणजे सिद्धार्थ उभा होता तो आरोपी म्हणून! आणि तो काय मागतो? घरच्यांना शिक्षा देऊ नका, ते निर्दोष आहेत, जे काय ते मला द्या. वर शब्द देतो, की कोसलाच्या राजाकडे दाद मागणार नाही.

प्रश्न होता, 'सिद्धार्थाने कुटुंबासाठी काय मागितलं?' दोन ओळींचं उत्तर. मी दोन पानं लिहिली. माझी आई लोक जागे व्हायच्या आत नळावर पाणी भरून येते, हे बहिणीने मुलाकातीत सांगितलं होतं. तेच सगळं लिहिलं. परत आलेल्या कागदाच्या समासात लाल शाईने होतं: 'उत्तर पोचलं. हा भाग आईला वाचून दाखवता येईल का?' बहिणीला सांगितलं, तिने वाचून दाखवला. पुढच्या मुलाकातीला आई पहिल्यांदा आली.

वसईच्या कोळीवाड्यातून

मी बौद्ध नाही. आमच्या घरात एकविरा आई. महिला बॅरकमधल्या एका ताईंकडे धडे यायचे, त्या मोठ्याने वाचायच्या आणि आम्ही भोवती बसून ऐकायचो. थेरीगाथेचा, म्हणजे बुद्धांच्या काळातल्या भिक्खुणींच्या कवितांचा, धडा आला तेव्हा मी माझ्या नावाने अर्ज केला. अडीच हजार वर्षांपूर्वीची मुत्ता नावाची बाई म्हणते, मी तीन वाकड्या गोष्टींतून सुटले: उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा! सगळी बॅरक हसली. हसता हसता एक जण रडायला लागली, तिला मग दोघींनी जवळ घेतलं. आत एका बाईचं लेकरू होतं, सहा वर्षांचं होईपर्यंत ठेवता येतं आईजवळ. लेकरू गमावलेल्या किसा गोतमीची गोष्ट आली तेव्हा ताईंनी आधी तिला विचारलं, वाचू का? ती म्हणाली, वाच. तो धडा मी कधीच विसरणार नाही.

कुर्ल्याहून

मला नाही जमलं. माझी शाळा हिंदीतून झाली आणि धड्यातली मराठी जड होती. 'प्रतीत्यसमुत्पाद' या शब्दापाशीच अडकलो. विचारायला शेजारी कोणी नाही, पत्राचं उत्तर यायला महिना. एवढ्यात माझी तारीख पडली, दुसऱ्या बॅरकमध्ये हलवलं, कागद गेले ते गेलेच. शिकायची इच्छा होती हे मात्र खरं आहे.

तुरुंग खात्यातून निवृत्त

येणारी-जाणारी पत्रं वाचणं हे माझं काम होतं. बहुतेक पत्रांत जामीन, वकील, मनीऑर्डर. हे धडे आले की मी ते पूर्ण वाचायचो, नियमापेक्षा जास्त. अंगुलिमाल हा माणसं मारणारा दरोडेखोर, पुढे भिक्खू झालेला. त्याच्या सुत्तात लोकांना बुद्धांचं 'मी थांबलो आहे, तू थांब' हेच आठवतं. मला पुढचं आठवतं. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला जातो, लोकांचे दगड लागतात, डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, आणि बुद्ध त्याला सांगतात, सहन कर. सुटून गेलेली माणसं परत आत आलेली मी पाहिली आहेत. बाहेर त्यांना कामावर कोणी ठेवत नाही. ते दगड बंदीला आधीच माहीत असायला हवेत, म्हणून तो धडा अडवू नका, असं मी नव्या पोरांना सांगत असे.

मुलुंडहून, उत्तरं तपासणारी शिक्षिका

नव्याने हे काम करू पाहणाऱ्यांसाठी लिहिते. कागद सुटे, पिन नको, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक नको. ते बऱ्याचदा दारातच राहतं. पाकिटावर बंदीचं पूर्ण नाव आणि क्रमांक. उत्तरासाठी कोरा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट सोबत द्या, नाहीतर त्याच्या कँटीनच्या पैशातून ते जातं. केसबद्दल एक अक्षर विचारू नका. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, मी शिक्षिका असूनही सांगते. विद्यार्थ्याने काय विचारलं आहे ते पुन्हा वाचा आणि त्यालाच उत्तर द्या.

एकाने पंचशीलातल्या खोटं न बोलण्याच्या शीलाबद्दल विचारलं होतं, 'मुसावादा वेरमणी रोज म्हणतो, पण खरं बोललो तर सोबतचे अडकतात. मग मी काय म्हणू?' मला आठवडाभर सुचेना. शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं, की शील ही बुद्धांची आज्ञा नाही, आपण स्वतः घेतलेली शिकवण आहे. आज जेवढं पाळता येतं तेवढं पाळा आणि मला लिहीत राहा. तो अजूनही लिहितो.

सगळ्यात त्रास होतो तो पाकीट परत येतं तेव्हा. 'बंदी मुक्त' असा शेरा असला की आनंद होतो, आणि माणूस हातातून निसटतोही, कारण घरचा पत्ता आपल्याकडे नसतो. म्हणून आता पहिल्याच धड्याबरोबर आम्ही आमचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर देतो, सुटल्यावर खिशात राहील असा.

कुर्ल्याच्या भावांचं वाचलं. हिंदी धडे या पावसाळ्यात सुरू करायचे आहेत. हिंदीतून उत्तरं तपासणारी दोन माणसं हवी आहेत, महिन्यातले दोन रविवार देणारी. तुम्ही स्वतः आलात तर फारच चांगलं. जड शब्द कुठे अडतो, ते तुमच्याइतकं आमच्यात कुणाला कळणार?