लहान फ्रेमची सीट: मागे घ्यायची की आहे तिथेच ठेवायची?

ठेंगणी_ठुसकी (धागाकर्ती)

माझी उंची १५२ सेंमी, पायाची आतली लांबी ७०. आजवर दोन सायकली झाल्या, दोन्ही सर्वांत लहान मापाच्या, आणि दोन्हींवर रड एकच: तासाभरात तळहात बधिर, गुडघ्याच्या वाटीखाली ठणका. जो तो म्हणायचा, "हँडल लांब पडतंय, सीट पुढे घे." घेतली. रेल (सीटखालच्या दांड्या, ज्यांवर ती मागेपुढे सरकते) संपली, पण हात बधिर ते बधिरच.

मग एक दिवस ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन बसले. माझ्या फ्रेमची सीट ट्यूब (सीटखालची नळी) जमिनीशी ७५ अंशांची. त्याच मॉडेलच्या मोठ्या मापात ती ७३ ची आहे. माझी सीट बीबीपासून (पेडलांच्या मधल्या आसापासून) ६२ सेंमीवर. एवढ्या उंचीवर २ अंशांचा फरक म्हणजे सीट २ सेंमी पुढे. रेलला हात लावायच्या आधीच मी पेडलांवर ओणवी होते, आणि सल्ले ऐकून आणखी पुढे गेले. बूड पुढे गेलं की धडाचा तोल हातांवर येणारच.

आता खरी गंमत. रीच (बीबीपासून फ्रेमच्या पुढच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) ३७ आणि स्टॅक (तेच उभं अंतर) ५० सेंमी धरा. सीट ट्यूब ७५ अंशांची असेल तर आडवी टॉप ट्यूब (त्या टोकापासून सीट ट्यूबच्या रेषेपर्यंतची लांबी) भरते ५०.४. तीच ७३ अंशांना ५२.३. कंपनीच्या मापांच्या तक्त्यात फ्रेम जवळजवळ २ सेंमीने 'छोटी' झाली, पण तिचं पुढचं टोक तसूभरही हललं नाही! सीट योग्य जागी नेली की ते २ सेंमी परत आलेच.

माझं म्हणणं एवढंच: सीटची जागा पेडलांवरून ठरवा, हँडलवरून नाही. हँडल लांब वाटलं तर स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा) बदला. त्यासाठी सीट पुढे ढकलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी २५ मिमी सेटबॅकचा (सीट मागच्या बाजूला धरणारा) सीटपोस्ट लावून सीट एकूण २ सेंमी मागे नेली (मागे नेली की पाय लांब पडतो, म्हणून दर सेंटीमीटरला ३ मिमी खाली), आणि ९० मिमीचा स्टेम काढून ७० चा टाकला. हिशोब करा, सीट ते हँडल अंतर होतं तेवढंच आहे. तरी हात मोकळे. मग हँडल खरंच लांब होतं का?

उभा_आडवा

ताई, हाताचं निदान पटलं. पण कंपनीला लबाड ठरवण्याआधी क्रँककडे (पेडलच्या दांड्याकडे) बघा. १८० सेंमीच्या माणसाला १७५ मिमीची क्रँक मिळते, तुम्हाला बहुधा १७० ची मिळाली असेल. उंची सुमारे १५ टक्क्यांनी कमी, क्रँक जेमतेम ३ टक्क्यांनी. म्हणजे पायाच्या मानाने तुमचं पेडल जास्त पुढे जातं. क्रँक आडवी असताना गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा, तो पेडलच्या आसावर पडायला हवा. लांब क्रँकवर तो तसा पडायला सीट पुढेच लागते. शिवाय पेडल वर येतं तेव्हा मांडी आणि पोट यांच्यात जागा हवी. ट्रायथलॉनवाले ७६-७८ अंशांवर बसतात ते काय वेडे म्हणून?

त्रिकोणी_चौकोन

ओळंब्याचं हे शास्त्र मला कधीच पटलेलं नाही. आडव्या, पाठ टेकून चालवायच्या सायकलीवर ओळंबा सोडून बघा कुठे पडतो ते. त्या लोकांचे गुडघे काही निखळून पडलेले नाहीत. गुरुत्वाकर्षणाचा गुडघा आणि पेडल यांच्या आडव्या अंतराशी तसा संबंध नाही. सीट मागेपुढे केल्याने बदलतो तो मुख्यतः तोल. मी साधी परीक्षा घेतो: सपाट रस्त्यावर थोडा जोर लावून चालवायचं, कंबरेतून वाकलेलंच राहायचं आणि हात हँडलवरून बोटभर उचलायचे. पुढे कोसळलात तर सीट आणखी मागे. (रस्ता रिकामा बघून करा, आणि लगेच हात टेका.)

आणि ट्रायथलॉनवाल्यांच्या कोपरांखाली उशा असतात हो. वजन त्या घेतात, तळहात नाही.

ठेंगणी_ठुसकी

@उभा_आडवा, क्रँकचा मुद्दा बिनतोड, पण तो माझ्याच पारड्यात पडतोय, दादा. लांब क्रँकमुळे सीट पुढे लागते म्हणता, मग क्रँकच आखूड करा ना! ५ मिमीने आखूड केली की आडव्या क्रँकवरचं पेडल ५ मिमी मागे येतं, म्हणजे तुमच्याच ओळंब्याने सीट ५ मिमी मागे. खालच्या टोकाला पाय तेवढाच पुरावा म्हणून सीट ५ मिमी वर. मग पेडल वर येतं तेव्हा मांडी-पोटाला १० मिमी जास्त जागा. तुमच्या दोन्ही तक्रारी मिटल्या.

उभा_आडवा

मान्य, सापडलो. पण सीट मागे मागे नेत गेलात की वजन मागच्या चाकावर जातं. तीव्र चढावर पुढचं चाक हलकं होतं, मग तुम्ही सीटच्या चोचीवर सरकून बसणार, म्हणजे पुन्हा पुढेच!

सुटा_स्क्रू

दोन गोष्टी, भांडणाबाहेरच्या. सीटच्या चोचीपासून सेटबॅक (सीट बीबीच्या किती मागे आहे ते) मोजून तुलना करू नका. आखूड चोचीची सीट २४-२५ सेंमीची असते, जुन्या घडणीची २७-२८. चोच मागे दिसते, बूड तिथेच. सीट जिथे ८ सेंमी रुंद होते तिथून मोजा. दुसरं, रेल कार्बनची असेल तर खुणेबाहेर क्लॅम्प आवळू नका. मी आवळला होता. आधी बारीक 'टिक टिक' आलं, मी साखळीला तेल घालत बसलो. आठवड्याने रेल गेली.

चाकाचं_कूळ

तुम्ही सगळे बुडाशी भांडताय, गुन्हेगार पुढे आहे. २८ मिमी टायरसह ७००सी (नेहमीच्या मोठ्या मापाच्या) चाकाची त्रिज्या सुमारे ३४ सेंमी. त्यात क्रँक १७, आणि पेडलच्या आसापुढचा बूट १०. झाले ६१. लहान फ्रेमवर बीबीपासून पुढच्या आसापर्यंत बऱ्याचदा ५७-५८ च असतात. वळताना बुटाचं टोक चाकाला घासतं ते म्हणूनच. फ्रेमचं पुढचं टोक आणखी मागे आणायला जागाच नाही, म्हणून मग हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) तिरपी करा, सीट ट्यूब उभी करा, अशी ओढाताण. बायकांसाठी सायकली बनवणाऱ्या जॉर्जिना टेरी यांनी १९८० च्या दशकातच लहान फ्रेमला पुढे २४ इंची चाक लावून ही गाठ सोडवली होती.

आणि ६५०बी (७००सीपेक्षा लहान रिमचं माप) म्हणजे लहान चाक असं समजून फसू नका. ४७ मिमीचा टायर चढवला की व्यास ७००×२८ एवढाच भरतो. बारीक टायर लावला तरच फायदा.

त्रिकोणी_चौकोन

+१. टायरच्या आतल्या दोन मापांच्या ट्यूबा बाळगायच्या तयारीने सांगतो, मला दोन मापांची चाकं चालतील.

ठेंगणी_ठुसकी

अपडेट: १६० ची क्रँक बसवली. सीट १ सेंमी वर. वर जाता जाता ट्यूबच्या तिरपेपणामुळे अडीच मिमी मागे आपसूक गेली. उरलेले साडेसात रेलवर काढायचे होते, पण रेल साडेतीनवरच संपली. ४ मिमी हवेत. सीट ट्यूब ७३ ची असती तर अजून बोटभर रेल शिल्लक राहिली असती, हे नोंदवून ठेवा.

उभा_आडवा

नोंदवलं. मांडी पोटाला लागते का, तेवढं सांगा.

ठेंगणी_ठुसकी

नाही लागत. चढावर पुढचं चाक मात्र भिरभिरतं, ते तुमचं खरं निघालं.